सागाचा उंबरठा

मंडळी, आज एकच विचारतो — शुभ कोण? सोपं वाटलं ना? मग ऐका!

कोसंबी गावच्या मंदाबाई. यजमान श्रावणजी वारले. मागे राहिला त्यांनी शेतात ओळीनं लावलेला साग. मुलाचं लग्न ठरलं. बाईंचा एकच हट्ट — सून माप ओलांडील तो उंबरठा ह्यांच्याच सागाचा हवा!

डोमाजी सुतारानं ओंडका चिरला. बाहेरून पांढरा पट्टा, चांगला रुंद! लागवडीचं कोवळं झाड, दुसरं काय? आत हिरवट डाग. थोरल्या नणंदेनं, अंजनाताईंनी नाक मुरडलं, "मंदा, हा साग की शेवाळ?"

"ऊन खाऊ द्या ताई, रंग उजळतो," डोमाजी म्हणाला. "पण वहिनी, पांढरं काढावं लागेल."

"ह्यांनी लावलेलं फेकू?"

"वाळवी खाईल ना! झाड तोडलं तेव्हा हे पांढरं जिवंत होतं, त्यात अन्न आहे. आतलं टिकतं. आतलं केव्हाच मेलंय."

झालं! बाईंचा चेहरा उतरला. "मेलेलं? नव्या सुनेच्या पायाखाली? नको भाऊ. माझ्यासारखंच अशुभ ते…"

ऐकलंत, मंडळी? सुनेला ओवाळायला अंजनाताई, आणि सख्खी सासू आतल्या खोलीत — हे बाईंनी स्वतःच ठरवून टाकलं होतं!

डोमाजीनं रंधा खाली ठेवला. "वहिनी, मरताना त्या आतल्या लाकडानं जवळचं सगळं रंगात, तेलात बदललं अन् झाडाच्या पोटात ठेवलं. वाळवी तोंड लावत नाही ती उगाच?"

मी विज्ञान शिकलोय, पडताळून सांगतो — खरं बोलला!

बाई कितीतरी वेळ त्या डागांवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "कापा पांढरं."

लग्नाच्या दिवशी उंबरठा मधासारखा दिसत होता. सून दारात उभी. अंजनाताईंनी ताट उचललं, तोच आतून आवाज आला —

"ताई, ताट माझ्याकडे द्या."

ताई घुटमळल्या. पदरानं डोळे टिपले. ताट पुढे केलं.

"नीट धर गं. दिवा विझेल!"

हसलात? हसा! पण आता आपापल्या घरी चला. पुढचं कार्य तुमच्या दारात आहे. तुमची आई आतल्या खोलीत बसलीये, दार लोटून. ताट कुणाच्या हाती देणार?

मला नका सांगू. तिला जाऊन सांगा.