महिन्याचं जेवण आणि कौन्सिल

चहा घ्या, सांगतो. गावी माझा धाकटा भाऊ वारला. ग्रामपंचायतीत मेंबर होता तो. महिन्याचं जेवण घालूनच मी इंग्लंडला परतलो, तर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, आमची घराच्या टॅक्समधली सूट बंद केलेली. आता तुटपुंज्या पगारात टॅक्स भरायचा की हीटर लावायचा, अशी गत.

काउंटरवरची बाई म्हणाली, "चार आठवड्यांच्या वर परदेशात राहिलात."

"घरात मयत झालं तर लंडनच्या सरकारने आठ केलेत ना?"

"हो, पण आमच्या कौन्सिलचा नियम अजून जुनाच आहे."

"मग बदला की."

"त्याला मीटिंग लागते."

"बरं, येतो मीटिंगला."

गेलो, पहिल्या बाकावर बसलो. माझी पाळी आल्यावर उठून म्हटलं, "साहेब, भावाला अग्नी देऊन लगेच विमान पकडायचं का? एवढ्या लांबच्या लंडनला कळलं. तुम्ही तर माझे शेजारी."

नियम बदलायला सगळ्याच्या सगळ्या मेंबरांचे हात वर! सूट मागच्या तारखेपासून परत मिळाली.

घरी येऊन हिला सांगितलं, तर डोळे पुसत हसली. म्हणाली, "भाऊजींनी मेंबर असताना गावातला एक बल्ब बदलला नाही. आणि गेल्यावर बघा, विलायतेतला कायदा बदलला!"