फर्दापूरचा गुप्तदाता

(ओवैसचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान.)

ओवैस : काका, खोल्यांचं बुकिंग करणाऱ्या कंपनीनं पैसे थकवलेच नाहीत. ये देखो, बुकिंग अकरा, अन् अकराही वेळा पाठवले. प्रत्येकापुढं हिरवी खूण हाय.

कडूबा : खुणेला काय चाटायचंय? तीन महिन्यांत माझ्या पासबुकात छदाम नाय. तू भांडणाचं पत्र लिही. इंग्रजीत लिही, म्हंजे घाबरतील.

आशाबाई : आधी ह्यांनाच विचार, ओवैस. लेणी बघायला आलेल्या पाहुण्यांच्या चादरी मी धुतल्या, पिठलं-भाकरी मी घातली. त्या दोन खोल्यांना कमोड अन् गिझर बसवायला पारसाल माझी सोन्याची पोत बँकेत गहाण ठेवली. ह्या महिन्यात नाय सोडवली तर लिलाव करणार, अशी नोटीस आलीय.

कडूबा : आगं, म्या कुठं उधळणार? चहाबी घरचाच पितो.

ओवैस : थांबा. ज्या खात्यात गेले त्याचे शेवटचे आकडे चार-शून्य-सात-एक.

कडूबा : माझं तर आठ-आठ-दोन-नऊ.

ओवैस : नाव बी दिसतंय. भैरवनाथ मंदिर समिती.

(ओवैस उगाच पंखा वाढवतो.)

ओवैस : काका, याद आया. फॉर्म मीच भरला ना तुमचा. मी पासबुक मागितलं तर तुम्ही देवळाच्या देणगीची पावती काढून दिली. म्हणाले, पहिली कमाई देवाची, हाच नंबर टाक.

कडूबा : पहिलीपुरताच म्हणलं व्हतं.

ओवैस : कंपनीला पहिली-दुसरी कळत नाही. एकदा नंबर दिला, बस. तुम्ही बदलायला येणार होते.

कडूबा : तुरीच्या गडबडीत राहिलं.

आशाबाई : म्हंजे सप्त्यात समितीच्या आप्पासाहेबांनी माइकवर सांगितलं, एक भक्त सारखं गुप्तदान धाडतो, नाव कळू देत नाय, ते तुमी?

कडूबा : माझं मलाच ठाऊक नव्हतं.

आशाबाई : सगळ्यात मोठ्या टाळ्या तुमी वाजवल्या. घरी येऊन मला म्हणले, माणसानं असं निर्मळ असावं.

कडूबा : सापडला तर पाया पडायचं ठरवलं व्हतं त्याच्या.

ओवैस : मग देवळावरचा तो नवा कर्णा...

आशाबाई : त्याच पैशाचा. पहाटे साडेचारला आमच्याच खोल्यांच्या तोंडावर वाजतोय. पुण्याची पाहुणी अंधारातच बॅग उचलून गेली, वर एकच तारा दिला. हे भांडायला गेले तर आप्पासाहेब म्हणले, दात्याच्या पैशातून आणलाय, त्याच्या पुण्याईचा आवाज हाय.

कडूबा : लई शिव्या दिल्या गं मी दात्याला. आईवरून दिल्या.

ओवैस : काका, परत मागा. तारखेसकट कागद काढून देतो.

कडूबा : देवाकडून परत मागू? गाव थुंकंल तोंडावर.

आशाबाई : तुमी नका मागू. फोन द्या इकडं. हॅलो, आप्पासाहेब, फाट्यावरची आशाबाई बोलते. तुमचा गुप्तदाता सापडलाय. आमच्याच घरात व्हता... नाय, सत्कार नको. देवाला एक कमाई कबूल केली व्हती, ती त्याची. बाकीच्या दहा चुकून आल्या, कागद हाय माझ्याकडं. कर्णा राहू द्या, उरलेलं माघारी द्या... व्हय, समितीपुढं मी सांगते. उद्या येते.

कडूबा : काय म्हणले?

आशाबाई : कर्ण्याचे गेले. बाकीचे तसेच पडून हायत, पोत सुटंल एवढे. समितीला समजावतो म्हणले. अन् तुमच्यासाठी आणलेल्या शालीचं काय करू, इचारत व्हते.

कडूबा : तू काय सांगितलं?

आशाबाई : द्या धाडून म्हणलं. पाहुण्यांना पांघरुणं कमी पडत्यात.

ओवैस : आता नवीन खातं टाकू. पासबुक द्या, काका.

आशाबाई : हे घे.

ओवैस : ये तो तुमच्या नावाचं हाय, काकू.

कडूबा : हे तर पोत ठेवली तवाचं. अजून जपून ठेवलं व्हय?

आशाबाई : दोनच ओळी हायत त्यात. कर्ज आलं ती एक, अन् तुमी काढून नेलं ती दुसरी. टाक रे बाबा नंबर. तिसरी माझी पडू दे.