म्हशीसाठी नेसलेली साडी

हसायचं तर हसा, पण आपल्या मळ्यावर उतरलेला एकही पाहुणा बिनचहाचा राह्यला न्हाई.

बदनापूरजवळ मळ्यात पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या अन् पहिलेच आले पुण्याचे नवरा-बायको. नेमकी आमची बायको हसनाबादला माहेरी गेल्ती. अन् आमची म्हैस अशी, की बायकोशिवाय दुसऱ्या कोणाला धार काढू देत न्हाई. सकाळी बादली घेऊन बसलो, तर लाथच झाडली. आता पहिल्याच पाहुण्यांना कोरा चहा पाजू काय?

मंग डोकं चालवलं. बायकोची रोजची साडी दोरीवर होती, ती पँटीवरूनच गुंडाळली, डोक्यावर पदर घेतला अन् बसलो. म्हशीनं साडी हुंगली अन् बराबर पान्हावली.

तेवढ्यात मागून पुण्याच्या बाईंचा आवाज, "काकू, चहा मिळेल का? काका अजून उठले नाहीत वाटतं?"

आता उठलो असतो तर म्हशीनं पान्हा चोरला असता. तिकडं तोंड न वळवता म्हणलो, "काकाच हाये मी. बसा, धार संपत आली."

बाईंनी नवऱ्यालाच हाक मारून बोलावलं. मला वाटलं, आता ही माणसं ब्याग भरून जातात.

मंग बाई नवऱ्याला म्हणल्या, "बघ जरा! आणि तू घरी साधा गॅससुद्धा पेटवत नाहीस."

त्या दिवशी चहा पुण्याच्या साहेबांनी केला. साखर टाकायची इसरले, पण आपण मिटक्या मारत पिलो.