द्वारकाबाईंनी साहेबांना फडकं दिलं

मंडळी, बसलात ना नीट? आज एकच विचारतो. श्वासाला देश असतो का हो? गोऱ्या माणसाच्या छातीत जाते ती हवा, आणि आपल्या छातीत जाते ती काय वेगळी? हसू नका! एका मोठ्या कंपनीला हे कळायला सहा वर्षं लागली. ऐका.

खाडीजवळच्या माळावर एका परदेशी कंपनीचा कारखाना. पिकावर मारायची कीडनाशक पावडर तिथं पोत्यांत भरायची. भरणाऱ्या चाळीस बाया. त्यांतल्याच एक द्वारकाबाई शेलार. सहा वर्षं पावडर उडायची, अन् बाया तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधायच्या. अहो, फडक्यातून चहाचा बारीक गाळसुद्धा निसटतो, विष काय अडणार?

द्वारकाबाईंच्या शेजारी मंजुळा उभी राहायची. तिला धाप लागायला लागली. चार पायऱ्या चढली की बसायची. द्वारकाबाईंनी मॅनेजर कुलथेसाहेबांकडे मास्क मागितले. एकदा नव्हे, चारदा. साहेब दर वेळी वर पत्र लिहायचे, अन् म्हणायचे, वरून मंजुरी येत नाही.

आणि एके दिवशी ‘वरचे’च आले! परदेशातल्या मुख्य कचेरीतले एरिकसाहेब. तोंडावर रबरी मास्क, त्याला दोन्हीकडे गाळण्या. आले होते किती वेळ? पाच मिनिटं!

द्वारकाबाई पुढं झाल्या. विचारलं, "तुमच्याकडच्या बाया हीच पावडर भरताना तोंडाला काय बांधतात?"

कुलथेसाहेबांना घाम फुटला. पण भाषांतर केलं जसंच्या तसं — हे त्यांचं पुण्य. एरिकसाहेबांनी स्वतःच्या मास्ककडं बोट दाखवलं. बाईंनी कमरेला खोचलेलं धुतलेलं फडकं त्यांच्या हातात दिलं.

"मग आज हे बांधून माझ्याशेजारी उभे राहा."

राहिला हो तो माणूस! अर्ध्या तासात डोळ्यांना धारा, खोकून खोकून वाकला. मग स्वतः जाऊन मशीन बंद केलं.

कारखान्याला कुलूप. पंधरा दिवस! आता बाया द्वारकाबाईंवर उलटल्या. कंपनी दुसऱ्या देशात निघून जाईल, तुझ्यापायी चुली विझतील, म्हणाल्या. सख्ख्या जावेनं बोलणं टाकलं.

सोळाव्या दिवशी सकाळी भोंगा वाजला. आत गेल्या, तर मशीनवर धूळ ओढून घेणारे पंखे. प्रत्येकीच्या तोंडाच्या मापाचा मास्क. तपासायला डॉक्टर. मंजुळाची छाती तपासून ते म्हणाले, वेळेत आलात. पावडरीपासून लांबचं काम द्या, श्वास पूर्ववत होईल. हे ऐकलं अन् द्वारकाबाई तिथंच जमिनीवर बसल्या. पंधरा दिवसांचं रडू एकदम आलं.

एरिकसाहेब त्यांच्यासमोर खाली बसले. म्हणाले, "कुलथ्यांची चारही पत्रं माझ्या टेबलावर होती. मी वाचली होती."

सुटलो, म्हणताय ना मनात? सुटल्या त्या बाया. आपण अजून सुटलो नाही, मंडळी! तुमच्या बागेत औषध फवारायला येतो, त्याच्या तोंडाला काय असतं? तुमचं गटार उपसतो, त्याच्या हातात काय असतं? तिथं कंपनी आपण. वरचे साहेबही आपणच. आणि पत्र कशाला हवं? तो समोर उभा आहे.