तीन दुणे सहा

दातांच्या दवाखान्यात कपडे शिवणाऱ्या बाई सुजल्या गालाला रुमाल लावून बसल्या होत्या. समोरच्या बाकावर गणिताचे क्लासवाले सर आणि त्यांच्याच क्लासला जाणारी त्यांची लेक. दोघांची कुजबुज बाईंनाच काय, भिंतीलाही ऐकू जात होती.

"बापाची चूक काढतेस, तीही भर वर्गात? अक्कल गहाण टाकली होतीस का?"

"बाबा, दोनाचा घन करून त्याचा वर्ग करायचा होता. घातांचा गुणाकार होतो. तीन दुणे सहा."

"बेरीज! तीन नि दोन पाच. जन्मभर हेच शिकवतोय मी."

"तेच तर."

"काय म्हणालीस?"

"काही नाही. दोनाचा घन किती?"

"आठ. मला विचारतेस?"

"आठाचा वर्ग?"

"चौसष्ट. पुढे?"

"आता दोनाचा पाचवा घात करा."

"चार, आठ, सोळा, बत्ती..."

बाईंनी गालावरचा रुमाल खाली घेतला.

"बोला ना, बाबा."

"डोकं खाऊ नकोस. दाढ ठणकतेय माझी."

"माझ्या मैत्रिणीने सहावा घात लिहिला, तर 'गणित तुझ्या बापाला तरी आलं होतं का' म्हणून हाकललंत तिला. तिला परत बोलवा."

"मी? त्या कार्टीला? लोक काय म्हणतील?"

आतलं दार उघडून नर्स म्हणाली, "चला, सर. आत नुसतं तोंड उघडायचं, बोलायचं काही नाही."

"क्लासमध्येही तेवढंच केलं असतंत, बाबा," लेक म्हणाली, "तर ती आज घरी बसली नसती."