द्वारकाईची भांडी

हां, टेकले का सगळे? मागचे, पुढे या जरा. इथं सतरंजी रिकामी पडलीय आणि तुम्ही खांबाला टेकून बसलाय — झोपेची सोय आधी! प्रसाद शेवटी आहे बरं का, आत्ताच चपला शोधू नका.

मंडळी, ऐका! आज एक साधा प्रश्न विचारतो. शेजारणीकडे पूजा झाली. तिनं तुमच्या घरी वाटीभर शिरा पाठवला. तुम्ही खाल्लात. चाटूनपुसून खाल्लात! आता सांगा, शिरा कुणाचा?

आमचा? बरोबर! पोटात गेला, आता कोण परत मागतोय! आणि वाटी? वाटी कुणाची?

बघा, बायका कशा एका सुरात बोलल्या — शेजारणीची! पुरुष गप्प. अहो, घरात वाट्या किती हेच यांना ठाऊक नाही, तर कुणाची कोणती हे काय सांगणार! वाटी शेजारणीची, कारण तिच्यावर नाव कोरलंय. लग्नात मामानं दिलेली, काठावर तारीखसुद्धा असते. ती परत जायलाच हवी. आणि जाताना रिकामी जाते का, माउली? नाही! चिमूटभर साखर, नाहीतर एखादं लिंबू. काहीतरी घातल्याशिवाय भांडं परत द्यायचं नाही, ही आपली रीत.

आता दुसरा प्रश्न. वाटीच्या जागी चकचकीत प्लास्टिकचा पुडा आला. त्याच्यावरही नाव आहे — चांगलं ठळक, सोनेरी! आतला माल खाऊन झाला. पुडा कुणाचा?

का हो? आत्ता तर एवढ्या जोरात बोललात!

याच प्रश्नावरून एका घरात आई आणि लेकाचं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावचे दोन पाहुणे इथं बसलेत, उगाच सगळे माना वळवून बघाल.

त्या गावात द्वारकाबाई कोठुळे राहायची. सगळं गाव तिला द्वारकाई म्हणायचं. नवरा ऐन उमेदीत गेला, पदरात एकुलता एक मुरलीधर. बाई चिवडा करायला लागली. काय चिवडा, मंडळी! पोहे असे कुरकुरीत, की एक घास खाल्ला तर पलीकडच्या घरात आवाज जावा! तिची जिवाभावाची मैत्रीण हौसाबाई, खालच्या आळीतली. ती पोहे भाजून द्यायची, द्वारकाई फोडणी घालायची. चिवडा घरोघर जायचा तो पितळी डब्यांतून. डब्यावर नाव कोरलेलं, 'द्वारका'. चिवडा संपला की डबा परत. कधी आत मूठभर शेंगा, कधी दोन चिक्कू. एक डबा कधी हरवला नाही.

मुरलीधर मोठा झाला, शिकला, हुशार निघाला. त्यानं चिवड्याचा कारखाना काढला. आता डब्यातून किती गावांना पुरवणार? पुडे आले. तीन थरांचे, आतून चांदीसारखे. महिनोन्‌महिने चिवडा सादळत नाही! आणि पुड्यावर काय छापलं? आईचा फोटो! डोक्यावर पदर, कपाळावर गोंदण, हसरं तोंड. खाली नाव — 'द्वारकाईचा चिवडा'. पहिला पुडा त्यानं आईच्या पायावर ठेवला. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. का येऊ नये? मुरलीधर वाईट नव्हता हो! गावातल्या बायकांना त्यानं काम दिलं. आईचं नाव पार शहरातल्या दुकानांत नेऊन पोचवलं. असा लेक पोटी यावा म्हणून आपण नवस बोलतो.

पण पुडे फुटायला लागले, चिवडा पोटात जायला लागला, आणि पुडा? पुडा रस्त्यावर!

त्या गावात धोंडूतात्या म्हणून एक म्हातारे होते. आपली सवय कशी — कुणाला पाय लागला की लगेच वाकून नमस्कार करायचा. तात्या बाजारातून चालले की पायाखाली द्वारकाई! "चुकलो गं बाई," वाकून नमस्कार. चार पावलं गेले, पुन्हा द्वारकाई! पुन्हा नमस्कार! बाजार संपेपर्यंत तात्यांची कंबर धरली. घरी जाऊन म्हणाले, "द्वारकीला सांगा, एक तर तू तरी रस्त्यातून ऊठ, नाहीतर मी तरी बाजार सोडतो!"

हसलात ना? द्वारकाईसुद्धा हसली. तिला वाटलं, म्हाताऱ्याची थट्टा.

मग श्रावणातला एक दिवस आला. आदल्या दिवशी दणकून पाऊस झालेला. ओढ्याला पाणी आलं, पण ते रस्त्याखालच्या मोरीतून पुढे जाईना. तुंबलं, आणि वळलं ते थेट खालच्या आळीत! हौसाबाईच्या घरात गुडघाभर पाणी. चूल गेली, कणगीतली ज्वारी भिजली, मागची भिंत खचली. घरात बाळंतीण लेक, तिला लेकरासकट शाळेच्या खोलीत हलवली.

द्वारकाई धावत गेली. मोरीपाशी माणसं उभी, फावड्यानं आत तुंबलेलं बाहेर ओढतायत. बाई पुढे वाकली. आणि मंडळी, काय बघते — मोरीतून तिचंच तोंड बाहेर येतंय! चिखलानं माखलेलं, हसरं तोंड. एक, आणि एक, आणि फावडंभर! एकावर कुणीतरी तंबाखू थुंकलेली. ज्या हौसानं जन्मभर पोहे भाजून दिले, तिच्या घरात द्वारकाईच्या नावानं पाणी शिरलं होतं.

कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! माणसं नजर चुकवायला लागली, त्यानं बाई जास्त मेली.

तेवढ्यात हौसाबाई आली. लुगडं मांडीपर्यंत भिजलेलं. तिनं चिखलातला एक पुडा उचलला, पाण्यानं धुतला, पदरानं पुसला. तशीच घरात गेली, फळीवर हात घातला. तिथं गुळाचा एक खडा तेवढा कोरडा राहिला होता. तो पुड्यात टाकला आणि बाहेर येऊन पुडा द्वारकाईच्या हातात दिला. म्हणाली, "घे बाई. तुजं भांडं हाय ह्ये. रिकामं कसं देऊ?"

टोमणा नव्हता हो तो! त्या माउलीला टोमणा मारायचं सुचलंही नाही. भांड्यावर मैत्रिणीचं नाव होतं, म्हणून तिनं ते परत केलं. घर वाहून चाललंय आणि बाई रीत पाळतेय! वाजवा जरा मृदंग, मला श्वास घेऊ द्या.

हां. द्वारकाई घरी आली. पुडा तसाच देव्हाऱ्यात ठेवला आणि लेकाला हाक मारली. "मुरल्या, माझी भांडी परत आण."

"कसली भांडी, आई?"

"माझं नाव घातलेली. गावभर पडलीत. हौसाचं घर बुडवलं त्यांनी."

मुरलीधर समजुतीनं बोलायला लागला. "आई, मी चिवडा विकतो. पैसे घेतले, माल दिला. पुढं पुडा त्यांचा. कुणी कुठं टाकला याला मी काय करू? ग्रामपंचायत आहे, घंटागाडी आहे."

"मग भंगारवाला का घेत नाही आपले पुडे? बाटल्या घेतो, डबे घेतो. मी इचारलं त्याला. म्हनला, तीन थर एकमेकांला चिकटवल्यात, ह्याचं पुन्हा कायबी होत नाही."

तीन थर कुणी निवडले होते? लोकांनी? ग्रामपंचायतीनं? मंडळी, कायदासुद्धा आहे हो! मी कीर्तनकार आहे, वकील नाही, पण एवढं मलाही कळतं — ज्यानं प्लास्टिकात माल बांधून विकला, त्यानंच त्या प्लास्टिकाचं पुढचं निस्तरायचं.

मुरलीधरला कायदा ठाऊक होता. तो म्हणाला, "आई, मी कायदा मोडलेला नाही. परराज्यात एक कारखाना आहे. मी विकतो तेवढं प्लास्टिक ते तिकडून गोळा करतात, त्याचा दाखला मला देतात. मी दाखल्याचे पैसे भरतो. झालं!"

म्हातारी बघतच राहिली. म्हणाली, "म्हंजे तिकडं कुणीतरी कुणाचीतरी भांडी घासली, म्हणून माझ्या दारातली खरकटी भांडी घासली गेली व्हय रं?"

आता हसताय! पण सांगा, या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? मग म्हातारी शेवटचं बोलली. "एक तर भांडी आण, नाहीतर माझं तोंड काढ त्यांच्यावरनं. भांडी येत नाहीत तवर मी तुझ्या कारखान्यात पाय ठेवायची नाही, आन्‌ तुझ्याशी बोलायचीबी नाही."

आणि खरंच बोलेना! ताट वाढायची, बोलायची नाही. मुरलीधर कासावीस झाला. आईच्या तोंडावर धंदा उभा, आणि त्या तोंडातून शब्द नाही! शेवटी त्यानं काय केलं? सोपी वाट धरली. माणूस दुसरं काय करतो! नवा पुडा करून आणला. आईचा फोटो नाही, नाव नाही, नुसतं गुलाबी कमळ. आईसमोर धरला. "घे. काढलं तुझं तोंड. आता तरी बोल."

द्वारकाईनं पुडा उलटसुलट करून पाहिला. "आता हे कुणाचं भांडं म्हणायचं?"

"कुणाचंच नाही, आई."

"म्हंजे आता मोरी तुंबली तर कुणाला लाज वाटायला नको!"

आणि बाई रडली. लेकाच्या बापाला पोचवून आली तेव्हा रडली नव्हती एवढी रडली. मग उठली, देव्हाऱ्यातला तो पुडा काढला, त्यातला गूळ लेकाच्या तळहातावर ठेवला. "खा."

त्यानं तोंडात टाकला. "कुठला प्रसाद?"

"हौसाचा. घरात तेवढंच कोरडं राहिलं हुतं तिच्या, ते तिनं माझ्या भांड्यात घातलं. तुझा बा गेला तवा आपली चूल थंड हुती, बाळा. तू तिच्या ताटात जेवलास."

मंडळी, गुळाचा खडा तो केवढा! पण सगळ्या दाखल्यांना तो भारी पडला! मुरलीधर तसाच उठला आणि खालच्या आळीत गेला. मालकाचे कपडे अंगावर, आणि मोरीत उतरून पुन्हा अडकलेले पुडे काढायला लागला! हौसाबाई वरून ओरडते, "अरे ये वर, साप निघंल!" हा खाली मान घालून काढतोय. पुढे तिची भिंतही त्यानंच बांधून दिली.

मग खरी परीक्षा सुरू झाली. तीन थरांचा पुडा बंद केला, एकाच थराचा आणला, ज्याचं पुन्हा काहीतरी होतं असा. दिसायला साधा. चांदी गेली, आणि चिवडा लवकर सादळायला लागला! लांबच्या शहरातल्या व्यापाऱ्यानं हात वर केले. विक्री घटली. मुरलीधरची झोप उडाली, हे मी लपवणार नाही. पण जी गाडी चिवडा घेऊन जायची, तीच आता दुकानादुकानातून रिकामे पुडे घेऊन परत यायला लागली. आईचा फोटो पुन्हा पुड्यावर आला आणि खाली ओळ आली — 'भांडं माझं आहे, परत द्या. द्वारकाई.'

आणि लोकांनी दिलं का? दिलं हो! पण आपल्या बायका कशा? रिकामं कसं द्यायचं! कुणी चिमूटभर साखर घातली, कुणी गुळाची ढेप फोडून खडा घातला. गोदामात पुड्यांचा ढीग, आणि ढिगात मुंग्या! मुंग्यांच्या रांगा पार मालकाच्या खुर्चीपर्यंत! मुरलीधर वैतागून आईकडे आला. "आई, सांग ना त्यांना, रिकामे दिले तरी चालतील!"

मोरी तुंबल्यापासून द्वारकाई पहिल्यांदा खळखळून हसली. म्हणाली, "मुंग्या झाडून काढता येतात रं." आणि कितीतरी महिन्यांनी कारखान्यात पाऊल ठेवलं.

धोंडूतात्या? तात्या बाजारातून ताठ मानेनं चालतात आता. मधूनच सवयीनं वाकतात, खाली कुणी नसतं, मग चप्पल नीट केल्यासारखं करतात.

संपली गोष्ट? नाही, मंडळी. गोष्ट आत्ता इथं आलीय, या मांडवात. आजचा प्रसाद आपल्या उत्तमशेठनी दिलाय. बुंदी आहे, साजूक तुपातली. मी मघाशी मागं जाऊन पाहून आलो. प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या आहेत आणि प्रत्येक पिशवीवर छापलंय — 'उत्तमशेठ यांच्यातर्फे'. शेठ, खाली बघू नका, मी तुमचा अपमान करत नाही. मन मोठं आहे तुमचं. पण उद्या सकाळी या मैदानात तुमचं नाव पायाखाली येईल, परवा गटारात जाईल. नाव तुमचं आहे. भांडं कुणाचं?

बोला ना! सगळा गाव ऐकतोय.

काय म्हणालात? जोरात!

"माझं!" ऐकलंत, मंडळी? शेठ म्हणाले, "माझं!" वाजवा टाळ! मग या, शेठ, उठा. मांडवाच्या दारात आपण दोघं पोतं धरून बसू. तुम्ही एका बाजूनं धरा, मी दुसऱ्या बाजूनं. आणि माझ्या माउल्यांनो, बुंदी इथंच खा, पिशवी शेठच्या हातात द्या आणि मगच घरी जा. साखर घालू नका, शेठना मुंग्यांचं भय आहे.