आजोबांच्या बोटांचे वळ

(फोनवर बहीण-भाऊ. वडील सध्या भावाकडे असतात.)

भाऊ : म्हणजे बाबांनी हात उगारलाच नव्हता! तेव्हाच म्हणालो होतो ना ताई, आधी डॉक्टरांना दाखव, मग त्यांना काय ते बोल. तर तू माझ्यावरच उखडलीस.

ताई : मग काय करणार होते? माझ्या चिमणीच्या दंडावर चार बोटं उठलेली! शाळेतून बाबाच आणायचे ना तिला.

भाऊ : बाबांनी कधी डास तरी मारलाय का? आपल्याला रागवायलासुद्धा आईला पुढे करायचे.

ताई : नको रे... अंगावर पित्त उठतं ना, तसंच आहे हे. पण दाबाने येतं. तेही लगेच नाही, काही तासांनी. डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर वजनाची पिशवी अडकवून बघितली. तेव्हा काही नाही, आणि संध्याकाळी पट्ट्याच्या जागी हा टरटरून वळ! बाबा रस्ता ओलांडताना दंड घट्ट धरायचे. तेवढंच.

भाऊ : औषध?

ताई : अँटिहिस्टामिनचं सिरप. वळ असो-नसो, रोज द्यायचं. आधी फरकच पडेना. मग डॉक्टरांनीच डोस वाढवला. आता दप्तराचेसुद्धा उठत नाहीत.

भाऊ : म्हणजे हे कळून बरेच दिवस झाले?

ताई : महिना होत आला.

भाऊ : महिना?

ताई : खात्री करायची होती रे. पुन्हा चुकीचं बोलले असते तर? बाबांना दे ना फोन.

भाऊ : देतो. पण आधी ऐक. तू ओरडलीस तेव्हा काय म्हणाले होते?

ताई : 'मी नाही मारलं गं.' सारखं तेच.

भाऊ : आता नाही म्हणत. हल्ली विसरतात फार. परवा मला म्हणाले, 'मारलं असणार रे मी पोरीला. आठवत नाही, पण वळ होते ना?'

ताई : अरे, मग सांग ना त्यांना! आत्ता सांग!

भाऊ : सांगेन. उद्या विसरतील. ते वळ तेवढे पक्के लक्षात राहिलेत.

ताई : मी येते. चिमणीला घेऊन येते.

भाऊ : ये. पण ते तिला हात लावतील असं धरून चालू नकोस. घरात लहान मूल आलं की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात.

ताई : आत्ता?

भाऊ : आत्ताही. शेजारची पोरं आलीयेत खेळायला. आतल्या खोलीत आहेत सगळे.

ताई : केव्हाची आलीत?

भाऊ : झाला बराच वेळ.

ताई : फोन राहू दे. तू आधी आत जाऊन बघ ना रे. हात बधिर झाले असतील त्यांचे.